पाळण्याची चौथी कडी

अंबडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एका दारावर रंगवलेली पाटी आहे: ‘पांढर. पुरातत्त्व संशोधनाचं त्रैमासिक. मुख्य संपादक प्रा. राधेश्याम उढाण.’ पूर्वी त्या पाटीवर आणखी एक ओळ होती, ‘कृपया पुराव्याशिवाय आत येऊ नये’. ती वाचून गॅसची टाकी आणणारा माणूस दोनदा परत गेला, तेव्हा वंदनाबाईंनी स्वतः स्टुलावर चढून घासणीनं ती ओळ काढून टाकली. वंदनाबाई म्हणजे मुख्य संपादकांच्या पत्नी.

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेणामाती असं सगळं मुरून पांढुरकी झालेली. आपल्याकडं पुष्कळ गावांना तिचं एखादं टेकाड असतं. तिथं शेळ्या चरतात, लोक गरजेपुरती माती उकरून नेतात आणि उढाण सरांसारखी माणसं भर उन्हात खाली मान घालून खापरं वेचत फिरतात. त्या मातीच्या नावानं सर चोवीस वर्षं हे त्रैमासिक काढत होते. ते तीनशे लोकांकडं जायचं. त्यातल्या चाळिसांना ते समजायचं आणि त्या चाळिसांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे.

मुख्य संपादक हे सरांचं नुसतं पद नव्हतं, तो त्यांचा स्वभावच होता. झोपतानासुद्धा लाल पेन सदऱ्याच्या खिशाला असायचा. घरी लग्नपत्रिका आली की आधी ती तपासली जायची. ‘सुस्वभावी व उच्चशिक्षित’ या शब्दांखाली रेघ आणि समासात प्रश्न, ‘कशावरून?’ स्वतःच्या मुलीच्या लग्नात टेंभुर्णीच्या व्याह्यांनी मोठ्या हौसेनं पत्रिकेचा मसुदा दाखवायला आणला, तर सरांनी त्यावर ‘दुरुस्तीसह पुन्हा सादर करावा’ असा शेरा मारला. व्याही तडक उठून गेले. वंदनाबाईंना टेंभुर्णीला जाऊन, दोन वेळचं जेवून, तिसऱ्या वेळचं बांधून घेऊन ते प्रकरण मिटवावं लागलं. भाजीवाली कांताबाई सरांना बघितलं की पाटी उचलून पुढच्या दाराला जायची. मेथी आजचीच आहे हे सिद्ध करून दाखवायला तिच्याकडं वेळ नव्हता.

असं असलं तरी माणूस खोटा नव्हता, एवढी वंदनाबाईंची खात्री होती. निदान गेल्या दिवाळीपर्यंत होती. ‘पांढर’चं प्रत्येक मुद्रित त्यांनी तपासलं होतं. लग्न झालं तेव्हा बी. ए.चं पहिलं वर्ष अर्धं सुटलं ते सुटलंच. पण चोवीस वर्षांत शहाण्णव अंक पानापानानं वाचल्यावर बाई काय शिकत नाही? मातीचे थर कसे वाचायचे, खापराची कड बघून काळ कसा सांगायचा, तळटीप कुठं द्यायची नि कुठं तोंड मिटून बसायचं, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि दर वर्षी वाचक मेळाव्यात सर एक वाक्य टेबलावर हात आपटून बोलायचे ते त्यांना पाठ होतं: “पुरावा समोर आला, तर मुख्य संपादकाला स्वतःच्या विरोधातला लेखसुद्धा छापता आला पाहिजे!” टाळ्या पडायच्या. वंदनाबाईही वाजवायच्या.

गेल्या दिवाळीनंतर झुंबरबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंबडला आल्या आणि आठ दिवस उढाणांकडं राहिल्या. झुंबरबाई बोरखडीच्या, म्हणजे सरांच्याच गावच्या. वय ब्याऐंशी, भावकीतल्या काकू. डोळ्यावर हिरवी पट्टी, दिवसातून सहा वेळा थेंब, आणि थेंब जिरेपर्यंत गप्पा. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट काढली.

“माहा बाप घर बघाया आल्ता बोरखडीला,” झुंबरबाई म्हणाल्या. “श्रावणाचे दिस. माळवदाचं घर, वर नुस्ती मातीच. बाप चहा पेऊन राह्यला अन् वरून टपकन थेंब कपात. बाप म्हनला, सोयरीक पक्की, पन माह्या लेकीच्या डोक्यावर गळलं न्हाई पायजे. मंग वरातीमागं सोळा गाड्या पांढरी माती धाडली त्यानं, हिवरवाडीच्या टेकाडाची. तसली माती गळत न्हाई बघ. समदं गाव बघाया आल्तं. दुसरीच्या संगं भांडी येत्यात, माह्या संगं माती आल्ती!”

“मग घर टिकलं का, काकू?”

“ईस वर्सं थेंब न्हाई आला. मंग वाळवी लागून आढं गेलं अन् माळवद बसलं खाली. आमी रानात व्हतो म्हनून वाचलो. मंग ती समदी माती कुटं टाकायची? परसात पेव व्हतं, ज्वारी ठिवायचं. आत उतरलं की जीव गुदमरायचा म्हनून पडूनच व्हतं. त्यात ढकलली समदी.”

वंदनाबाईंच्या हातातली थेंबांची बाटली तशीच राहिली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं, तोंडाशी अरुंद नि खाली फुगत गेलेलं धान्याचं कोठार. आणि झुंबरबाईंच्या परसातल्या कोठाराची गोष्ट वंदनाबाईंना चांगलीच माहीत होती. ‘पांढर’च्या पहिल्या अंकाचा पहिला लेख तोच होता: ‘बोरखडी येथील सातवाहनकालीन धान्यकोठार’, लेखक राधेश्याम उढाण. एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात सरांनी त्या परसात एकवीस दिवस खोदकाम केलं होतं. जमिनीखाली सुरईच्या आकाराचा खड्डा, त्यात पांढरी माती, मातीत सातवाहनांच्या काळातली खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दोन मणी. म्हणजे गाव दोन हजार वर्षांचं! सरांचं नाव झालं, त्या नावावर त्रैमासिक निघालं. बोरखडीनं वेशीवर कमान बांधली, ‘दोन हजार वर्षांच्या सातवाहन नगरीत आपलं स्वागत’. गावात सातवाहन झेरॉक्स निघालं, सातवाहन रसवंती निघाली, आणि न्हाव्यानंही मागं राहायला नको म्हणून पाटी बदलली.

वंदनाबाईंनी कपाटातून तो पहिला अंक काढला आणि झुंबरबाईंच्या चांगल्या डोळ्यासमोर वस्तूंच्या चित्रांचं पान धरलं. वस्तू क्रमांक एकतीस: लोखंडी, पीळ दिलेली, गोल. खाली सरांचं वाक्य: ‘धार्मिक विधीत वापरली जात असावी.’

“ही?” झुंबरबाई हसल्या. “ही माह्या पाळन्याची कडी. चार व्हत्या. माळवद बसलं तवा पाळना खालीच व्हता. तीन घावल्या, एक गेली मातीत.”

खापरं खरी होती, मणी खरे होते, दोन हजार वर्षंही खरी होती. फक्त ती बोरखडीची नव्हती. ती शेजारच्या हिवरवाडीची होती, आणि एका बापानं लेकीच्या डोक्यावर गळू नये म्हणून सोळा गाड्यांत घालून पाठवली होती. एसटीचा थांबा कुणाच्या हद्दीत यावा यावरून ज्या दोन गावांचं तीस वर्षं वाकडं आहे, त्यातल्या एका गावानं दुसऱ्याचा इतिहास कमानीवर लावला होता.

वंदनाबाईंनी त्याच दुपारी सरांना सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. सर एका लेखातली विशेषणं कापत बसले होते.

“अहो, ते बोरखडीचं कोठार हाय ना, ते झुंबरकाकूंचं पेव होतं म्हणे. माती हिवरवाडीची.”

“संदर्भ?” सर मान वर न करता म्हणाले.

“झुंबरकाकू.”

सर हसले. वाईट नाही हसले, लाडानं हसले; पण हसले. “अगं, झुंबरकाकू म्हणजे संदर्भ नव्हे. लेखी काही आहे का? नसेल तर चहा ठेव.”

वंदनाबाईंनी चहा ठेवला. पण त्या हसण्याचा त्यांना राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. टेबलावर हात आपटून बोललेलं ते वाक्य खरं होतं की नुसतं मेळाव्यापुरतं? अडतीस वर्षं ज्या माणसाचे फटकळ शेरे त्या केवळ ‘खरा माणूस आहे’ म्हणून सहन करत आल्या, तो खरा होता का? हे एकदा कळायलाच हवं होतं. लेखी पाहिजे म्हणतात ना, मग लेखीच देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पुढचे तीन महिने सर बँकेत, पोस्टात, फिरायला गेले की वंदनाबाई लिहायला बसत. दोनदा त्या ‘हळदीकुंकवाला’ म्हणून बोरखडीला जाऊन आल्या आणि पाळण्याच्या तीन कड्यांचे फोटो काढून आल्या. एकदा हिवरवाडीच्या टेकाडावरची माती डब्यात भरून आणली. तो डबा रव्याच्या डब्याशेजारी राहिला आणि एकदा त्याचा जवळजवळ शिरा झाला होता. लेख झाला बावीस पानांचा. तळटीपा त्रेपन्न. विशेषण एकही नाही. विशेषणांचं काय होतं ते त्यांनी चोवीस वर्षं पाहिलं होतं.

‘पांढर’ची एक शिस्त होती. आलेला लेख आधी कार्यकारी संपादक कहकशा हिच्याकडं जायचा. कहकशा कॉलेजात इतिहास शिकवायची, सरांची जुनी विद्यार्थिनी. ती लेखकाचं नाव काढून बंद पाकिटात ठेवायची, लेखाला नंबर द्यायची, आणि मगच तो सरांकडं नि दोन गुप्त परीक्षकांकडं पाठवायची. निर्णय झाल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. वंदनाबाईंनी लेख तिच्या हातात ठेवला तेव्हा तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि खुर्चीवर बसली.

“काकू, हे तुम्ही लिहिलं?”

“का, वाईट झालंय?”

“वाईट? काकू, सर तर गेले यात!”

“जाऊ दे. पण नाव काढशील ना बराबर?”

“ते बिलकुल,” कहकशा म्हणाली. “ते माझं कामच आहे.” आणि लेखाला नंबर पडला, बारा.

बारा नंबर घरात आला आणि वंदनाबाईंच्या घरात पाहुणा आल्यासारखं झालं. सरांनी तो न्याहारीला वाचला, जेवताना वाचला, दाढी करताना आरशाला टेकवून वाचला. मग गालावर फेस तसाच ठेवून ते स्वयंपाकघरात आले. चिडले की सर प्रमाण भाषा विसरायचे.

“कोन हाय हा? माह्या मुळावर कोन उठून राह्यलं? धर्मराज असल. बिलकुल धर्मराज!”

धर्मराज शेळके म्हणजे जालन्याचे निवृत्त प्राध्यापक. बोरखडीच्या कोठारावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता, पण तो अविश्वास मत्सरातून नव्हता याबद्दल पुरावा नव्हता.

“कशावरून?” वंदनाबाईंनी विचारलं. अडतीस वर्षांत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच सरांवर वापरला आणि त्यांना तो आवडला.

“न्हाई, धर्मराज नसंल,” सर स्वतःच म्हणाले. “त्याला एवढं नीट लिहिता कुटं येतं? हा पुण्याचा कुणीतरी आहे. वाक्यं बघ कशी थंड आहेत. एक शब्द जास्त नाही. मला शिवी दिली असती तरी बरं होतं, हा ‘उढाण यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल आदर राखून’ म्हणतो!”

“बाई नसेल का?”

“बाई असती तर कुठंतरी ‘कदाचित’ लिहिलं असतं,” सर म्हणाले. मग जरा थांबून, फेस पुसत, नाखुशीनं म्हणाले, “तळटीपा मात्र काय घातल्यात गं. माणूस मुरलेला आहे.”

वंदनाबाई भाकरी थापत होत्या. ती भाकरी त्या दिवशी जरा जास्तच टम्म फुगली.

पुढचे दहा दिवस त्या अगदी सुखात आणि अगदी धास्तीत होत्या. सर दिवसभर बारा नंबरशी भांडायचे, आणि ऐकायला समोर लेखिकाच बसलेली. कधी त्यांना वाटायचं, आता सांगून टाकावं; कधी वाटायचं, बघू, काय करतात ते. सरांच्या हातात सगळं होतं. परीक्षक काहीही म्हणोत, शेवटचा शब्द मुख्य संपादकाचा. ‘नाकारला’ असं लिहून पाकीट न उघडता परत पाठवलं असतं तर कहकशा नि परीक्षकांपलीकडं जगात कुणालाही काही कळलं नसतं. पण वंदनाबाईंना कळलं असतं, आणि त्यांना उरलेला जन्म त्या माणसासमोर ताट वाढायचं होतं.

परीक्षकांचे अभिप्राय आले. पुण्याच्या परीक्षकांनी लिहिलं, लेख सकस आहे, मात्र कडीची प्रत्यक्ष खातरजमा व्हावी. दुसरे गुप्त परीक्षक नेमके धर्मराजच निघाले. त्यांची गुप्तता अशी, की अभिप्राय पाठवल्यावर ते लगेच फोन करून सांगायचे.

“राधेश्याम, गुप्त परीक्षण धाडलंय बघ. माहंच हाय,” धर्मराज फोनवर ओरडत होते. “आसा लेख मी जन्मात वाचला न्हाई! जल्दी छाप! रंगीत छाप!”

सरांनी फोन ठेवला. मग कपाट उघडलं, वस्तू क्रमांक एकतीस रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, “वंदना, चल बोरखडीला. तुझं जमतं झुंबरकाकूंशी. विचारायचं ते मी विचारीन, तू नुसती सोबत बस.”

स्कुटीवरून जाताना वंदनाबाईंना एकच धास्ती होती. झुंबरबाई एक शब्द जास्त बोलल्या की बारा नंबरचं गुपित परसातच फुटणार. आणि लेखक कोण हे कळल्यावर दिलेला निर्णय कसला निर्णय? बायकोची दया आली म्हणून छापतील, नाहीतर बायकोचा राग आला म्हणून फेकतील. दोन्ही त्यांना नको होतं.

झुंबरबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नव्या डोळ्यानं त्यांना लांबूनच ओळखू आलं. “ये गं वंदना! आता परवा तर आल्तीस तू, मंग आज–”

“डोळा कसा हाय, काकू?” वंदनाबाईंनी घाईनं विचारलं.

म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनचं विचारलं की बाकी सगळं मागं पडतं. पाव तास डोळ्याचं झालं. डॉक्टर कसा, थेंब कसे, शेजारणीचा डोळा कसा वाया गेला, सगळं. मग सरांनी रुमाल उलगडला. साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नाही, हा त्यांचा दंडक, म्हणून ते एकदम परीक्षेच्या पेपरासारखं बोलले, “काकू, ही वस्तू कशाची असावी, असं आपल्याला वाटतं?”

“आरं राधेश्यामा, वाटायचं काय त्यात? माही कडी हाय ती, पाळन्याची! कुटं घावली?”

“कशावरून?”

झुंबरबाईंनी नातसुनेला हाक मारली. आतल्या खोलीत पाळण्यात तिचं चार महिन्यांचं लेकरू झोपलं होतं. ते उचलल्याबरोबर त्यानं जो सूर लावला तो संशोधन संपेपर्यंत सोडला नाही. पाळण्याच्या तीन कोपऱ्यांना पिळाच्या कड्या होत्या आणि चौथ्या कोपऱ्याला नायलॉनची दोरी. सर गुडघ्यावर बसले. मोजपट्टीनं पीळ मोजले, जाडी मोजली, लोहारानं टोक जिथं वळवलं होतं तिथं बोट फिरवलं. मग हातातली गंजलेली कडी त्यांनी चौथ्या कोपऱ्याला धरून बघितली आणि ती तशीच धरून बसले.

“काकू,” थोड्या वेळानं ते म्हणाले, “मी इथं एकवीस दिवस खोदत होतो. तुम्ही रोज मला पाणी देत होता, दुपारी ताक देत होता. मग मला का नाही सांगितलं?”

“तू इचारलंच न्हाई,” झुंबरबाई म्हणाल्या. “अन् मला वाटलं, एवढं शिकल्यालं पोरगं, त्याला पेवच हुडकायचं असंल. घावलं तवा किती खूश झाल्तास! मंग कशाला बोलावं?”

लेकराचं रडणं ऐकून अर्धी गल्ली जमली होती, आणि सर गुडघ्यावर बसून पाळण्याला कडी लावून बघतायत हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं वेशीवर येईपर्यंत सरपंच संपत मोटरसायकल आडवी लावून उभा होता. एक हात कमानीच्या खांबावर.

“सर, ऐकलं ते खरं हाय का?” संपत म्हणाला. “दोन हजार वर्षं कॅन्सल?”

“अजून निर्णय झाला नाही.”

“मंग आसं करू. दोन हजार र्‍हाऊ द्या. पन हजार तरी ठिवा! कमानीवर एकच शब्द बदलावा लागंल.”

“संपत, हा बाजार नाही.”

“बरं, पाचशे! पाचशेच्या खाली मला परवडत न्हाई, सर. अन् काय बी करा, पन हिवरवाडीला देऊ नका!”

सरांनी स्कुटी सुरू केली. अंबडपर्यंत रस्त्यावरच्या एकाही पाटीतली चूक त्यांनी दाखवली नाही, तेव्हा वंदनाबाईंना त्यांची खरंच कीव आली. मागं बसल्या बसल्या त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. आपण हे करायला नको होतं, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

बुधवारी सकाळी अकराला कहकशा बंद पाकीट घेऊन आली. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. निवृत्त झाल्यापासून रोज अकरा ते एक ते असेच दाढी करून, इस्त्री करून त्या खुर्चीत बसत. आल्यागेल्याला कितीही खवचट बोलले तरी त्या दोन तासांवर त्यांचा जीव होता. वंदनाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या.

सरांनी बारा नंबर पुढं ओढला. लाल पेनचं टोपण काढलं. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात त्यांनी सावकाश लिहिलं आणि कहकशासाठी मोठ्यानं वाचलं, “स्वीकृत. विनाबदल.”

‘विनाबदल’ हा शब्द त्या लाल पेनातून चोवीस वर्षांत उतरला नव्हता. वंदनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस खरा निघाला होता. त्यांना एवढंच हवं होतं; खरं तर तिथंच सगळं संपलं असतं तरी चाललं असतं.

“आता बघू तर, कोण आहे हा पुण्याचा,” सर म्हणाले आणि पाकीट फाडलं.

त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. मग दाराकडं बघितलं. “कहकशा,” ते म्हणाले, “पत्ता तर आपलाच आहे.”

कहकशानं मान खाली घातली. वंदनाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. सर त्यांच्याकडं बघत राहिले, आणि त्या बघण्यात राग होता, आश्चर्य होतं, आणि नीट पाहिलं तर थोडी शरमही होती. “त्रेपन्न तळटीपा,” ते शेवटी म्हणाले. “कधी केल्यास?”

“तुम्ही पोस्टात जात होता तवा.”

“सर,” कहकशा हळूच म्हणाली, “एक अडचण आहे. नियम सात.”

नियम सात सरांनीच लिहिला होता: संपादकाच्या नातेवाइकाचा लेख छापला जाणार नाही. तो केला होता वंदनाबाईंचा भाऊ हरिओम याच्यासाठी. हरिओमला दर अंकाला एक लेख सुचायचा आणि दर लेखात पांडव त्याच्या शेतातून गेलेले असायचे. एका वर्षात पांडव चार वेळा गेले, तेव्हा सरांनी नियम केला आणि मेहुण्यानं दोन वर्षं बोलणं सोडलं. त्या नियमाचं मुद्रितही वंदनाबाईंनीच तपासलं होतं. पण बारा नंबर नियमापर्यंत पोचेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

“ऱ्हाऊ द्या,” वंदनाबाई घाईनं म्हणाल्या. “नका छापू. मला काय नाव पाहिजे होतं का? माझं काम झालं.”

“तुझं झालं असेल,” सर म्हणाले. “लेखाचं नाही झालं.”

“मग बायकोसाठी एकदा नियम सोडा,” कहकशा म्हणाली. “कोण विचारणार आहे?”

“हरिओम विचारेल,” सर म्हणाले. “आणि त्याचं बरोबर असेल.”

त्यांनी कोरा कागद ओढला. लाल पेन ठेवून दिला आणि कहकशाकडून निळा मागून घेतला. चार ओळी लिहिल्या, सही केली, खाली तारीख घातली आणि कागद कहकशाकडं सरकवला. ‘पांढर’ त्रैमासिकाच्या मुख्य संपादक पदाचा मी कौटुंबिक कारणास्तव आजपासून राजीनामा देत आहे. पदभार कार्यकारी संपादकांकडे द्यावा.

कहकशानं तो दोनदा वाचला. “सर, हे काय? चोवीस वर्षं...”

“आता लेखिका कुणा संपादकाची नातेवाईक नाही. आता छाप,” सर म्हणाले आणि खुर्चीतून उठले. उठताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर क्षणभर राहिला, ते वंदनाबाईंनी बघितलं.

वंदनाबाईंना एकदम भडभडून आलं. माणूस खरा आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि बघता बघता त्यांनी त्या माणसाची खुर्चीच काढून घेतली होती. पदराचं टोक तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, “अहो, चुकलं माझं.”

सर दारात थांबले. सवयीनं त्यांचा हात खिशाकडं गेला.

“चुकलं?” ते म्हणाले. “कुठं? पान नंबर सांग.”

वंदनाबाईंनी बावीसच्या बावीस पानं मनातल्या मनात उलटून बघितली. त्यांना एकही पान सांगता आलं नाही.